शिंपल्यातल्या दोन जागा

डॉक्टर विश्राम कुबल दोन आठवडे जवळजवळ उपाशी राहिले होते, आणि त्यांचं वजन अर्ध्या किलोनं वाढलं होतं.

"शक्यच नाही," काट्यावर उभे राहूनच ते म्हणाले. "काटा बिघडलाय."

"काटा मी कालच तपासला," पळी म्हणाली. पळी ही त्यांच्या स्वयंपाकघरातली रोबो. भाकऱ्या छान थापायची आणि खोटं अजिबात बोलायची नाही.

दारात उभ्या असलेल्या त्यांच्या नातीचा, उर्मीचा चेहरा उतरला. २०५८ सालचा सप्टेंबर संपत आला होता. दिवाळीनंतर मालवणहून एक बोट खोल समुद्रात जाणार होती, आणि तिथून 'शिंपला' नावाची छोटी पाणबुडी तीनशे मीटर खाली उतरणार होती. तिच्यात चालकाशिवाय जागा दोनच. एक आबांची, कारण अंधारात स्वतः प्रकाश देणाऱ्या जिवांवर त्यांनी तीस वर्षं संशोधन केलं होतं, पण ते जीव जिवंत, चमकताना कधी पाहिले नव्हते. दुसरी जागा शाळेच्या विज्ञान स्पर्धेत पहिल्या आलेल्या त्यांच्या बारा वर्षांच्या नातीची. अडचण एकच होती. दोघांचं मिळून वजन एकशे पंचवीस किलोच्या आत हवं होतं. उर्मी एकोणचाळीस, आणि आबा आता साडेनव्वद.

"सकाळी कोरा चहा, दुपारी दोन काकड्या," उर्मी विचार करत म्हणाली. "मग वजन वाढतं कशानं?"

शनिवारी शाळा लवकर सुटली तेव्हा ती घरी न जाता थेट आबांच्या प्रयोगशाळेत गेली. चार वाजले होते. आबा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते. डावा हात मात्र आपला आपण टेबलावरच्या बशीकडे जात होता. बशीत शेव होती, शेजारी गुळाच्या पाकातला खाजा, आणि कोकम सरबताचा ग्लास.

"आबा!"

आबा दचकले. "हे? हे काय जेवण आहे का? सहज तोंडात टाकलं."

"आणि सरबत?"

"ते तर पाणीच की गं! तिसराच ग्लास आहे."

उर्मीला हसू आलं, आणि तिनं ते लपवलंही नाही. आबांनी बशीकडे पाहिलं. मग तेही हसले, जरा ओशाळून. "सगळ्या समुद्राच्या नोंदी ठेवतो, आणि माझ्या बशीत काय चाललंय ते मला माहीत नाही."

त्या संध्याकाळी स्वयंपाकघराच्या ओट्यावर प्रयोग झाला. पळीनं एका वाटीत पन्नास ग्रॅम शेव ठेवली. मग ती काकड्या मांडायला लागली. एक, दोन, पाच... नववी काकडी ठेवून ती थांबली.

"वाटीभर शेव आणि या नऊ काकड्या, दोन्हींत साधारण सारख्याच कॅलरी आहेत," ती म्हणाली. (कॅलरी म्हणजे अन्नातून मिळणारी ऊर्जा मोजण्याचं माप.)

"नऊ!" उर्मी ओरडली. "एवढ्या कोण खाईल?"

"म्हणूनच तर," आबा म्हणाले. आता ते आजोबांचे शास्त्रज्ञ झाले होते. "काकडीत बहुतेक पाणी, आणि थोडे तंतू (भाजी-धान्यातला न पचणारा चोथा). जागा खूप व्यापते, ऊर्जा कमी देते. शेवेत तेल आहे. एक ग्रॅम तेलात साखरेच्या दुपटीहून जास्त ऊर्जा असते. शरीर वापरतं त्यापेक्षा जास्त ऊर्जा रोज आत गेली, की उरलेली चरबी होऊन साठते."

"मग नुसत्या काकड्याच खाल्ल्या की झालं?"

"तेच तर मी केलं, आणि फसलो. पोट रिकामं राहिलं की ग्रेलिन (भूक लागल्याचा निरोप मेंदूला पोचवणारं रसायन) वाढतं. मग चार वाजता समोर येईल ते माणूस खातो. काकडीनं पोट भरतं, पण ते टिकत नाही. टिकायला प्रथिनं (शरीराची बांधणी करणारा अन्नातला भाग) लागतात. डाळ, उसळ, मासे, अंडी."

"आणि सरबत प्यायल्यावर पोट भरल्यासारखं वाटत नाही," पळी म्हणाली. "त्यातली साखर मात्र मोजावी लागते. तीन ग्लासांत बारा चमचे होती."

आबांनी डोक्याला हात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उर्मीनं पोह्यांची बशी बाजूला सारली. "मी दोन किलो कमी करते आबा, तुम्ही अडीच करा. पटकन होईल."

आबांचा आवाज कधी चढत नसे. आताही चढला नाही, पण ते खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. "उर्मी, तुझी हाडं वाढताहेत, उंची वाढते आहे. त्याला लागणारं सामान याच बशीतून येतं. तू उपाशी राहणार असशील तर मला त्या पाणबुडीत पाऊलसुद्धा टाकायचं नाही. जास्तीचं वजन माझं आहे, डॉक्टरांनीही मलाच सांगितलंय. खा बघू."

उर्मीनं बशी पुढे ओढली. पोहे गार झाले होते, तरी तिनं सगळे संपवले.

त्या दिवसापासून आबा दोन्ही वेळा नीट जेवू लागले. अर्धं ताट भाजी आणि कोशिंबिरीचं. मग नाचणीची भाकरी, चवळीची उसळ किंवा माशाची आमटी, आणि भाताची लहानशी मूद. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, म्हणून घास सावकाश. सरबत बिनसाखरेचं, पहिल्या दिवशी त्यांनी असं तोंड केलं की पळीनं तब्येत विचारली. खाजा बंद केला नाही. रविवारी दोन तुकडे, तेही बशीत घेऊन, बसून, चव घेत. संध्याकाळी दोघं मालवणातल्याच दांडी किनाऱ्यावर चालायला जात.

वजन उतरू लागलं, आठवड्याला अर्धा किलो. एका आठवड्यात तर काहीच नाही. आबा दिवसभर फुरंगटून बसले. पण सात आठवड्यांनी काटा साडेसत्त्याऐंशीवर आला, अजून दीड किलो जास्तच.

निघायच्या दोन दिवस आधी बोटीवर दोघांना एकत्र काट्यावर उभं केलं. पाणबुडीच्या चालक फरहाना मुकादम यांनी आकडा वाचला. "एकशे सत्तावीस. दोन किलो जास्त."

"एकशे साडेसव्वीस यायला हवं होतं ना?" आबा गोंधळले.

"मी अर्ध्या किलोनं वाढले," उर्मी पुटपुटली.

"छान झालं!" आबा पटकन म्हणाले. मग हळूच म्हणाले, "दोन दिवस पाणी नाही प्यायलो, तर दोन किलो सहज..."

"ते पाणी असेल आबा, चरबी नाही. आणि तुम्हाला चक्कर येईल." उर्मीनं त्यांचा हात धरला. "तुम्ही मला जेवायला लावलंत. मग तुम्हीही असं करायचं नाही."

आबा काट्यावरून खाली उतरले. वळून म्हणाले, "फरहाना, तू एकट्या उर्मीला घेऊन जा. पुढची फेरी जानेवारीत आहे, तोवर माझं होईल."

तीनशे मीटर खाली फरहानाताईंनी दिवे मालवले. आधी नुसता काळोख. मग काचेपलीकडे एक ठिणगी, दुसरी, आणि बघता बघता एक लांबलचक माळ पेटत, विझत, वळणं घेत सरकू लागली.

"काय दिसतंय?" बोटीवरून आबांचा आवाज आला. "निळा आहे की हिरवा?"

"निळा... नाही, मध्येच... आबा, हे सांगता येत नाहीये! तुम्हाला यावंच लागेल."

"येतोय," आबा म्हणाले. "तू डोळे मिटू नकोस. बघत राहा."