स्वयंपाकघरातलं बोलावणं

वेदिकाचं बारसं झालं त्या वर्षीची, म्हणजे २०२३ची, ही गोष्ट. घडलेली. धंतोलीतल्या ज्या घरात घडली, त्याला आज कुलूप आहे.

बारशापाठोपाठ वेदिकाचे आजोबा, शरच्चंद्र, लकव्यानं खाटेला खिळले. वाचा गेली. डावा हात तेवढा हलायचा.

म्हणून मुलगा ऋषीनं स्वयंपाकघरात स्मार्ट बटन बसवलं. वडिलांनी मोबाइलवर बोट ठेवलं की तिथला दिवा लागे, आणि उत्तराबाई नवऱ्याकडे धावत.

पण बंद असतानाही दिवा मिणमिणायचा...

"काकू, वायरिंग जुनी आहे. बोर्डात करंट परतायची न्यूट्रल वायरच नाही," वायरमन नागसेन म्हणाला. "बटन बल्बातूनच करंट ओढून राहिलं."

"अरे, पण हे बोलावून राहिले की तुझा करंट, मले कसं कळावं?"

मिणमिणलं की त्या उठत. घास टाकून उठत.

नागसेननं होल्डरला कंडेन्सर जोडला. मिणमिण थांबली.

जूनमध्ये शरच्चंद्र गेले. तेरवी झाली. त्यांचा मोबाइल बंद करून कपाटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वरण उकळत होतं, आणि...

दिवा लख्ख लागला.

"आले, आले!" उत्तराबाई सवयीनं धावल्या.

खाट रिकामी.

मग रोज तेच. पाठ टेकली की दिवा.

"जन्मभर पाण्याचा पेला हातानं घेतला नाही. आता तरी घ्या!" त्या करवादल्या. तरी पेला भरून नेलाच.

ऋषी फोनवर म्हणाला, "आई, बॅग भर. रविवारी तुला पुण्याला न्यायला येतो."

"मी आले, अन् ह्यांनी बोलावलं तर?"

शेवटी नागसेननं बल्ब, कंडेन्सर, दोन्ही काढून पिशवीत टाकले. "आता करंटले रस्ताच नाही, काकू. बटन मेलं समजा. झोपा बिनघोर."

त्या खरंच झोपल्या. बॅगही भरली.

शनिवारी, दिवेलागणीला, त्यांनी ऋषीला फोन लावला.

"ऋषी... दिवा लागला रे."

"आई, तिथे बल्ब कुठे आहे?"

"तेच तर. थांब, ह्यांना पाहून येते."

फोन चालूच होता. चपलांची सपसप लांब गेली. मग आईचा आवाज, अगदी रोजचा...

"हे काय, आले ना!"

मग काहीच नाही.

ऋषीनं सांगितल्यावर समोरच्या प्रेमिलाताई धावल्या. आत अंधार होता. आपल्या घरून निघताना मात्र त्यांना स्वयंपाकघराच्या खिडकीत उजेड दिसला होता, असं त्या आजही शपथेवर सांगतात.

फोनवर कुणी मध्येच गप्प झालं, की ऋषी अजून उठून उभा राहतो.

उत्तराबाई २२ जुलै २०२३ला, शनिवारी, दिवेलागणीला गेल्या. खाटेशेजारच्या खुर्चीत, बसल्या बसल्या.