बाण खालच्या ओळीवर

दिवा बारीकच राहू दे. आणि तो हातातला वॉकीटॉकीचा सेट खाली ठेव रे, खेळणं नाही ते. जन्मभर हेच विकत आलो मी. घेणाऱ्या प्रत्येकाला आधी एक गोष्ट सांगतो, बिल नंतर. पडद्यावर दोन ओळी असतात, म्हणजे दोन बँड. सेट ऐकतो दोन्हीकडचं, पण बोलतो जिथे बाण असेल तिथेच. कान दोन, तोंड एक. लोक हसतात नि विसरतात.

आमचा वायरमनही विसरला. होता गिऱ्हाईक, पण घरोबा असा, की चहाला बोलवावं लागायचं नाही. त्याला आणि त्याच्या धाकट्या भावाला, बारक्याला, रेडिओचं भलतंच वेड. रीतसर परवाने काढलेले. वायरमनची बायको म्हणायची, बोहल्यावर माझ्याऐवजी एरियल उभी केली असती तरी ह्यांनी हार घातला असता.

गेल्या वर्षीची गोष्ट. जानेवारीतला दुसरा शनिवार. संध्याकाळी वायरमन दुकानात आला, सेटचा पट्टा तुटला म्हणून. तासभर घासाघीस करून पट्टा फुकट नेला पठ्ठ्यानं. जाताना म्हणाला, बारक्या टेकडीवर गेलाय, उंचावरून लांबचे आवाज पकडायला. तिथे मोबाइल लागत नाही, म्हणून रात्री वरच्या बँडवर बोलायचं ठरलंय. घरी जाऊन त्यानं खालच्या बँडवर दोस्तांशी गप्पा हाणल्या. बाण तिथेच राहिला.

पुढचं त्यानं स्वतः मला सांगितलंय. त्या रात्री बायको त्याच्या शेजारीच होती. तिनंही ऐकलं.

साडेदहाला बारक्याचा आवाज आला. धुकं उतरलं होतं, टॉर्च विझला होता. "दादा, फाट्यावर आलोय. डावीकडे का उजवीकडे?"

उजवीकडे गाडीरस्ता. डावीकडे दगडाची बंद खाण, पाण्यानं भरलेली, कठडा नाही. त्या टेकडीवरचे खांब वायरमननंच उभे केलेले, त्यामुळे वाट तोंडपाठ. त्यानं बटण दाबून सांगितलं, उजवीकडे ये, डावीकडे खाण आहे.

थोडी खरखर.

"कळलं, दादा. डावीकडे."

ह्याला वाटलं, नीट ऐकू गेलं नसेल. पुन्हा सांगितलं. ओरडून सांगितलं. तिकडे बारक्या हसला. "अरे हो, वळलो की. तू बोलत राहा. बरं वाटतं."

बोलत राहा... कोण बोलत होतं?

वायरमननं पडद्याकडे पाहिलं. बाण खाली. त्याचा एक शब्दही बारक्यापर्यंत गेला नव्हता. वरच्या बँडवर दुसरं कोणी बोललं असतं, तर ते ह्यालाही ऐकू आलं असतं. आली होती ती नुसती खरखर.

घामेजल्या बोटानं त्यानं बाण वर घेतला. "बारक्या, थांब. मी दादा. आहेस तिथेच बस."

पुन्हा खरखर.

"दादा, तू म्हणालास तसंच झालं. कोणीतरी तुझ्या आवाजात बोलतंय."

"मीच आहे तो. खाली बस, बारक्या."

"नाही ऐकत मी त्याचं. काळजी करू नको."

बायकोनं सेट हिसकावला. "भाऊजी, मी बोलतेय..."

"आता वहिनीचा आवाज काढतंय, दादा."

मग बारक्यानं बटण दाबूनच धरलं. समोरचा बटण सोडत नाही, तोवर आपला आवाज पोचत नाही. दोघं नुसती ऐकत बसली. खडीवर पावलं. त्याचा श्वास. पावलं. पावलं...

थांबली.

"दादा, हात दे."

एवढंच.

टेकडीखालच्या लोकांना फोन गेले, माणसं वर धावली. उजाडताना बारक्या सापडला. खाणीत. सेट मात्र काठावर होता, नीट उभा ठेवलेला. आजूबाजूला सगळीकडे दव पडलेलं, तरी सेट कोरडा.

वायरमनला तो घरात ठेववेना. माझ्याकडे आणून दिला. मी बॅटरी काढली, सेट त्या खणात टाकला. सेटवर बारीक दिवा असतो बघ. आपण बोललो की लाल. समोरून कोणी बोललं की हिरवा.

बॅटरी ही. माझ्या हातात आहे.

खण ओढ जरा. हात लावू नको, नुसतं बघ...

हिरवाच ना?

अजून बोलतंय त्याच्याशी.