‘उचापत’ची खादाड पेटी

"एक तरी कागद असेल! एखादी चिठ्ठी! निदान बसचं तिकीट!"

गडगड्या पेटीत तोंड घालून ओरडत होता. त्याचा आवाज मुळातच ढगांशी नातं सांगणारा. पेटीतून तो दुप्पट होऊन बाहेर आला आणि व्हरांड्यातली दोन कबुतरं घर बदलायला निघून गेली.

"डोकं बाहेर काढ आधी," टाचणी म्हणाली. "अडकलं तर तुलाच पहिला अंक म्हणून छापावं लागेल."

डोकं बाहेर आलं. पेटी मात्र रिकामीच होती. कालसारखी. परवासारखी.

टाचणी ही ‘उचापत’ मासिकाची संपादक. अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून टाचणी. गडगड्याकडे जाहिरात खातं होतं, कारण त्याने गच्चीवरून घोषणा केली की पोस्टर चिकटवायची गरजच राहत नसे. तिसरा होता प्रोफेसर. तो सहावीत होता, पण चेहरा असा, की रिक्षावाले त्याला ‘साहेब, कुठे सोडू?’ विचारायचे.

सुट्टी लागल्या लागल्या या तिघांनी जाहीर केलं होतं, ‘वसाहतीचं स्वतःचं मासिक! भव्य कथास्पर्धा! वयाची अट नाही, अकलेची नाही!’ गोष्टी टाकायला पेटी हवी होती. वसाहतीच्या कार्यालयामागच्या व्हरांड्यात, भिंतीत बसवलेली एक जुनी लाकडी पेटी होती. तिच्यावर पूर्वी काहीतरी लिहिलेलं होतं, पण अक्षरं उन्हाने चाटून पुसून खाल्ली होती. वॉचमनकाकांनी पेटीच्या दाराची किल्ली शोधून दिली. गडगड्याने वर कागद डकवला, ‘गोष्टी इथे टाका.’ खाली टाचणीने स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘आलेली प्रत्येक गोष्ट वाचली जाईल. संपादकाचा शब्द.’

आता तोच शब्द तिच्या मानेवर बसला होता.

"लोकांनी लिहिलंच नसेल," गडगड्या म्हणाला.

"कंपाउंडर आजोबा म्हणाले, ‘सोमवारीच टाकली.’ शाळेच्या बाई म्हणाल्या, ‘मीही टाकली.’ मग गेल्या कुठे?"

"याची दोन कारणं संभवतात," प्रोफेसर चष्मा पुसत म्हणाला.

"कोणती?"

"तो विचार चालू आहे."

आणि वेळ तर अजिबात नव्हता. गडगड्याच्या मामांचा छापखाना होता. मामा म्हणाले होते, "रविवारी मशीन मोकळं आहे, अंक छापून देतो. सोमवारपासून खोकल्याच्या औषधाची लेबलं सुरू होतात. मग शाळा उघडेपर्यंत विचारू नका." रविवारी गोष्टी नसतील, तर पहिल्या अंकात फक्त संपादकीय असणार होतं. तेही अजून लिहायचं होतं.

घरी गेल्यावर टाचणीच्या तोंडचं पाणीच पळालं. मावशी शिलाई मशीनवर बसली होती. मावशी दिवसभर वसाहतीचे कपडे शिवायची आणि तोंडात टाचण्या धरून बोलायची, त्यामुळे तिचं बोलणं फक्त भाचीला कळायचं. आज तिने टाचण्या बाजूला काढून ठेवल्या.

"काय गं, ती... माझी वाचलीस का?"

"तुझी? तू गोष्ट लिहिलीस?"

"हसू नकोस हं! आयुष्यात पहिल्यांदा लिहिली. कापडाचे नमुने कापायचा तो तपकिरी कागद असतो ना, त्यावर. दुसरी प्रत काढली नाही. म्हटलं, कशी जमली कोण जाणे."

टाचणी खाली पडलेल्या टाचण्या वेचू लागली. "सगळ्या... एकदम वाचायच्या ठरल्यात," ती म्हणाली. मावशीने मान हलवली आणि पुन्हा टाचण्या तोंडात धरल्या. पण त्या दुपारी तिने एक बाही उलटी जोडली. मावशीच्या हातून असं कधीच होत नसे.

"मावशीची गोष्ट सापडलीच पाहिजे," टाचणीने दोघांना बजावलं. "नाहीतर ती पुन्हा ओळसुद्धा लिहिणार नाही. आणि मला तिला तोंड दाखवता येणार नाही. आज पहारा!"

गडगड्याने एक गोष्ट खरडली आणि पेटीत टाकली. तिघं समोरच्या पायरीवर डोळ्यांत तेल घालून बसली. एक मांजर आलं, पेटीखाली झोपलं, उठून गेलं. बाकी कोणी पेटीला बोटसुद्धा लावलं नाही. ऊन उतरल्यावर टाचणीने दार उघडलं.

पेटी रिकामी!

"माझी गोष्ट!" गडगड्या गरजला. "आत्ता तर टाकली होती!"

"हा चोरीचा प्रकार नाही," प्रोफेसर गंभीरपणे म्हणाला. "हे पचन आहे."

तिघं विचारायला कार्यालयात गेली. सेक्रेटरीकाका मान खाली घालून काम करत होते. ते नेहमीच मान खाली घालून काम करत. वसाहतीतल्या बऱ्याच जणांना ते फक्त टकलावरून ओळखू येत.

"काका, इथे कुठे गोष्टी आल्यात का?"

"गोष्टी? इथे गोष्टीबिष्टी येत नाहीत. आधीच या आठवड्यात लोकांनी नुसता वैताग आणलाय. पळा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र वसाहतीत भलतंच काहीतरी सुरू झालं.

लिफ्टच्या दारावर सूचना लागली होती, ‘लिफ्टमधून हत्ती नेऊ नये. क्षमता सहा माणसे. हत्तीच्या मालकाने जिना वापरावा.’

"कोणाचा हत्ती?" गडगड्याने विचारलं.

"मला काय विचारतोस? माझ्याकडे फक्त कासव आहे," प्रोफेसर म्हणाला. "ते तसंही जिन्यानेच येतं. मागच्या मंगळवारी निघालंय."

गच्चीवर प्लंबरकाका बॅटरी घेऊन पाण्याच्या टाकीत वाकले होते.

"काका, काय शोधताय?"

"पाणघोडा."

"क्काय!"

"कामाच्या कागदावर लिहिलंय. ‘टाकीतील पाणघोडा काढणे.’" प्लंबरकाकांनी घाम पुसला. "मी आपला खाली लिहितो, ‘पाहणी केली. पाणघोडा आढळला नाही. बाहेर गेला असावा. झाकण घट्ट केले.’"

टाचणीच्या डोक्यात काहीतरी टोचलं. तेवढ्यात खालून मावशीची हाक आली. मावशी फाटकाशी उभी होती. हातात कात्री आणि नजर सूचनाफलकावर.

फलकावर लिहिलं होतं, ‘एक सावली सापडली आहे. ज्याची असेल त्याने ओळख पटवून कार्यालयातून घेऊन जावी.’

"हे तर माझं आहे!" मावशी पुटपुटली.

"सावली?"

"गोष्ट गं! माझ्या गोष्टीची पहिलीच ओळ आहे. ‘माझ्या खिडकीखाली रोज संध्याकाळी एक माणूस आपली सावली विसरून जातो.’ टाचणी, ही गंमत तुम्ही केलीत का?"

"शपथ, नाही!"

टाचणी धावतच कंपाउंडर आजोबांकडे गेली. "आजोबा, तुमच्या गोष्टीत पाणघोडा आहे?"

आजोबांचा चेहरा उजळला. "आहे ना! टाकीत राहतो. पहिल्या ओळीपासून! आवडला?"

तिघं जिन्यात बसली. प्रोफेसरने चष्मा कपाळावर चढवला. "पेटीत टाकलेल्या गोष्टी खऱ्या होतात!"

"मग मी सायकलची गोष्ट लिहितो!" गडगड्या उठलाच. "गिअरवाली!"

"बस खाली! पाणघोडा सापडला का? हत्ती दिसला का? खरं काही झालेलं नाही. नुसत्या सूचना लागल्यात," टाचणी म्हणाली. "कोणीतरी आपल्या गोष्टी वाचतंय. आणि मला वाटतं, नीट वाचत नाहीये. थांबा, गंमत करू."

तिने कागद घेतला आणि लिहिलं, ‘गच्चीवर तीन चंद्र ठेवल्यामुळे कपडे वाळत घालायला जागा उरलेली नाही.’ खाली दुसरी ओळ लिहिली, ‘हे वाचणाऱ्याला आमच्याकडून आइस्क्रीम. व्हरांड्यातल्या पायरीवर यावे.’

कागद पेटीत टाकून, आइस्क्रीम आणून तिघं पायरीवर बसली. कोणीच आलं नाही. ते वितळलं, आणि कर्तव्य म्हणून गडगड्याने पिऊन टाकलं. सकाळी गच्चीच्या दारावर सूचना होती, ‘गच्चीवरील जादा चंद्र संबंधितांनी त्वरित हलवावेत. एक चंद्र ठेवण्यास परवानगी आहे.’

"बघितलंत?" टाचणीने टाळी वाजवली. "पहिली ओळ वाचली, दुसरी वाचलीच नाही! आणि सूचना लावणारं माणूस वसाहतीत एकच आहे."

तिघं कार्यालयात घुसली. सेक्रेटरीकाकांच्या खुर्चीमागे भिंतीत एक छोटं लाकडी दार होतं. टाचणी बघत असतानाच काकांनी मागे न बघता हात लांब केला, दार उघडलं आणि आतून एक कागद काढला. त्या दारातून पलीकडचा व्हरांडा दिसत नव्हता, पण पत्र टाकायच्या फटीतून उजेडाची एक रेघ आत येत होती.

पेटीला दोन दारं होती! एक व्हरांड्यात, दुसरं इथे!

काकांनी कागदाची पहिली ओळ वाचली, एक सूचना खरडली, आणि कागदावर धप्पकन शिक्का मारला, ‘निकाली.’

"काका! ती आमची मासिकाची पेटी आहे!"

"ती तक्रारपेटी आहे. मी इथे आल्यापासून आहे. बरीच वर्षं कोणी काही टाकलं नाही. आता मात्र लोकांना कंठ फुटलाय."

"पण त्या गोष्टी आहेत! टाकीत पाणघोडा कसा असेल?"

"तक्रार खरी की खोटी, हे मी कोण ठरवणार?" काका शांतपणे म्हणाले. "मी फक्त निवारण करतो. एकेक करून."

"मग अख्खा कागद का नाही वाचत?"

"अडचण पहिल्या ओळीत असते. पुढे लोक नुसतं रडतात."

"आम्हाला ते कागद परत द्या ना," टाचणी काकुळतीला आली. "माझ्या मावशीच्या गोष्टीची दुसरी प्रतच नाही."

"निकाली कागद परत देता येत नाही. नियम आहे. शनिवारी दुपारी रद्दीवाला नेतो. काही म्हणायचं असेल तर पेटीत टाका, निवारण होईल."

बाहेर आल्यावर गडगड्याचा आवाज पहिल्यांदाच बसला होता. "आज शुक्रवार. संपलं."

"रात्री कुलूप..." प्रोफेसरने सुरुवात केली.

"चोरी करायची नाही," टाचणी म्हणाली. ती पायरीवर बसली आणि बराच वेळ नखं कुरतडत राहिली. मग एकदम थांबली. "परत देता येत नाहीत असा नियम आहे. वाचता येत नाहीत, असा कुठे आहे? आणि काका स्वतःच म्हणाले, पेटीत टाकलं की निवारण होणार. फक्त सगळं पहिल्या ओळीत मावलं पाहिजे!"

प्रोफेसरने आयुष्यातली सर्वांत लांब ओळ लिहिली. गडगड्या दम लागेपर्यंत ती मोठ्याने वाचत होता. ‘या पेटीत आलेले सगळे कागद शनिवारी सकाळी अंगणात, सर्व रहिवाशांसमोर, पहिल्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचले जात नाहीत, याचा आम्हाला अतोनात त्रास होतो.’

कागद पेटीत गेला, आणि संध्याकाळी फलकावर सूचना झळकली. शनिवारी सकाळी, अंगणात, सर्वांसमोर, शेवटच्या ओळीपर्यंत! वाचणार कोण? स्वतः सेक्रेटरी!

गडगड्याने गच्चीवरून घोषणा केली. पलीकडच्या वसाहतीतलेही लोक आले.

सेक्रेटरीकाका खुर्चीवर बसले, कागदांचा गठ्ठा मांडीवर घेतला आणि कोरड्या आवाजात सुरू झाले, "आमच्या टाकीत एक पाणघोडा राहतो." सवयीने त्यांचा हात शिक्क्याकडे गेला.

"शेवटच्या ओळीपर्यंत, काका!" टाचणी म्हणाली.

काकांनी दुसरी ओळ वाचली. "तो रोज सकाळी माझ्या नळातून मला विचारतो, आंघोळ आधी तुमची की माझी?"

अंगण खो खो हसलं. काकांनी दचकून वर बघितलं. पुष्कळांनी त्यांचे डोळे त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. ते वाचत गेले, आणि पाणघोड्याने साबण खाल्ला तिथे स्वतःच फसकन हसले.

हत्ती झाला, बाईंची गोष्ट झाली, मग हातात तपकिरी कागद आला. टाचणीने मावशीकडे पाहिलं. मावशी सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून, पदराचं टोक पिळत उभी होती.

काका वाचू लागले. तो माणूस रोज सावली विसरून जायचा. खिडकीतली बाई ती उचलून ठेवायची. सावलीची बाही उसवलेली होती, म्हणून बाई रात्री ती शिवायला घ्यायची. कोणी हसलं नाही. काकांचा आवाज हळू झाला. मग ते थांबले. त्यांनी कागद उलटा केला. मागे छातीचं आणि कमरेचं माप होतं.

"पुढे?" काका म्हणाले.

"पुढे कागद संपला," मावशी मागून म्हणाली.

"असं कसं! तो माणूस आला का सावली न्यायला? की ती तशीच..." काका खुर्चीवरून उठलेच. "अहो, हे असं मध्येच सोडून कसं चालेल!"

"खरंच, पुढे काय झालं?" सगळं अंगण मावशीकडे वळलं. मावशी इतकी लाल झाली, की टाचणीला वाटलं, आता ही पळते. पण मावशीने मान वर केली.

"मला माहितीये पुढचं," ती म्हणाली. "कागद द्या कुणीतरी."

सेक्रेटरीकाकांनी कार्यालयातले कोरे कागद आणून दिले, आणि जाता जाता गठ्ठा टाचणीच्या हातात ठेवला. "नियम आहे खरा," ते खाकरले. "पण तो वाचलेल्या कागदांना लागू नसावा."

रद्दीवाला दुपारी आला आणि रिकाम्या हाती गेला.

रविवारी मामांच्या छापखान्यात ‘उचापत’चा अंक छापून निघाला. टाळ्यांच्या कडकडाटात पहिलं बक्षीस पाणघोड्याला मिळालं. उत्तेजनार्थ बक्षीस प्लंबरकाकांना, त्यांच्या टाकीच्या अहवालासाठी. शाळेच्या बाईंनी टाचणीच्या पाठीवर थाप मारली. गडगड्याचे मामा शाईचे हात पुसत म्हणाले, "पोरांनो, आजवर मी हजार गोष्टी छापल्या. पण लोक रांग लावून वाचायला उभे आहेत, असं पहिल्यांदाच पाहतोय. शाबास! सोमवारी खोकल्याला थोडं थांबू दे. अजून प्रती लागतील."

मावशीची गोष्ट शेवटच्या पानांवर होती, पूर्ण. सेक्रेटरीकाकांनी ओला अंक घेतला आणि छापखान्यातल्या स्टुलावर बसले. मावशी दाराआडून बघत होती. टाचणीने तिचा हात घट्ट धरला होता.

काका शेवटच्या ओळीपर्यंत पोचले. तिथे थोडे थांबले.

मग त्यांनी कुठलीही कारवाई केली नाही. पान मागे उलटलं, आणि पहिल्यापासून पुन्हा वाचायला घेतलं.