बाळारामकाकांना सांगितलं होतं

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे घडलंय. माझ्या सख्ख्या मावसभावाच्या, अजितच्या बाबतीत. मुरुडच्या अलीकडे, आमच्या खाडीकाठच्या गावात, याच श्रावणातल्या अमावस्येला.

आणि रात्री नाही हं. भर दुपारी बाराला.

आमची भातशेती बांधाच्या आत. बांधाला पाणी सोडायची एक उघाडी आहे. ओहोटीला तिच्या फळ्या काढायच्या, पावसाचं पाणी खाडीत जातं. भरतीच्या आधी फळ्या परत टाकायच्या, नाहीतर खारं पाणी शेतात शिरलंच म्हणून समजा. त्याची घरटी पाळी असते.

ज्याला जमणार नसेल तो एसटी पकडायला जाता जाता बाळारामकाकांच्या अंगणात ओरडायचा, "काका, माझी पाळी बघा!"

आतून आवाज यायचा, "बघतो रे!"

झालं. एवढ्यावर गाव चालायचं.

गेल्या वर्षी याच अमावस्येला अजितची पाळी होती. हा पठ्ठ्या मित्रांबरोबर मुरुडला प्यायला बसला. पाळी साफ विसरला. उधाणाचं पाणी आत आलं आणि आठ दिवसांत सगळ्या गावाचं भात पिवळं पडलं.

देवळात बैठक बसली. अजित मान खाली घालून म्हणाला, "मी बाळारामकाकांना सांगून गेलो होतो."

खोटं. धडधडीत खोटं.

सगळे काकांकडे बघायला लागले. काकांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "सांगितलं असंल बाबा. माझ्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाय. चुकलं माझं."

त्यानंतर त्यांच्या अंगणात कोणी ओरडलं नाही. काका जेवेनासे झाले. दिवाळीच्या आधी गेले. अजितनं खांदा दिला. रडू आलं नाही म्हणे. काहीच वाटलं नाही.

यंदा पुन्हा त्याची पाळी आली. तो बांधावरून चालला होता. वारा पडलेला. खाडीवर एक बगळा नाही...

ठक्...

फळी खाचेत पडल्याचा आवाज.

ठक्... ठक्...

अजित पोचला तेव्हा सगळ्या फळ्या बसलेल्या होत्या. आसपास माणूस नाही. बांधावरच्या चिखलात त्याच्या एकट्याच्या पावलांचे ठसे.

तो परत फिरला. आणि मागून... अगदी कानाजवळून...

"अजित, कंदी सांगितलं व्हतंस रे तू मला?"

आवाज रागाचा नव्हता. तेच तर! म्हातारा माणूस चष्मा शोधताना विचारतो, तसा होता.

"लई आठवून बघतोय. आठवतच न्हाय."

खरं बोलून टाकायचं की नाही! अजित म्हणाला, "सकाळी सांगितलं, काका. तुम्ही अंगणात होता."

"अंगणात व्हय..."

अजित चालायला लागला, तर आवाज मागोमागच.

"मंग मी कसा इसरलो?"

त्यानंतर दोन पाळ्या झाल्या. दोन्ही वेळा तोच प्रश्न. दोन्ही वेळा अजितचं तेच उत्तर. आता भीतीही वाटत नाही म्हणतो.

हे सगळं त्यानं मला सांगितलं. मी त्याला फाडफाड बोलले. "मेल्या, सोनाकाकीला जाऊन सांग आधी!" सोनाकाकी म्हणजे काकांची बायको. आमच्यापासून तीन घरं सोडून राहते. गाव अजून तिच्याशी धड बोलत नाही.

अजित म्हणाला, "तूच सांग ना, ताई."

महिना झाला. मीही सांगितलेलं नाही. रोज सकाळी ठरवते आणि कामाला लागते.

परवा दुपारी सोनाकाकी आपण होऊनच आली. पडवीतल्या बाकड्यावर टेकली. अगदी कडेला... शेजारी एका माणसाची जागा सोडून.

"मनाली," ती म्हणाली, "आमचं म्हातारं हल्ली दुपारचं तुझ्याकडं येऊन बसतंय बघ. तुला कायतरी ठावं हाय म्हनतंय."

मी त्या रिकाम्या जागेकडे बघितलं नाही.

"मला काही माहीत नाही गं, काकी," मी म्हणाले. आणि चहा टाकायला आत गेले.