दोन्ही कड्या

पिंजरा बंद होता. आत कुत्रा नव्हता.

आत्या दारातच थांबली. आधी चपला काढल्या, मग चष्मा पुसला, मग आत बघितलं. विमा कंपनीसाठी चोरीचे दावे तपासण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. घाईने आत शिरणाऱ्याला काय गेलंय तेवढंच दिसतं. आत्याला काय उरलंय ते बघायचं असायचं.

भाची सोफ्याच्या कडेवर बसली होती. अंगात अजून डायलिसिस केंद्राचा निळा गणवेश. फोनवर ती एवढंच बोलली होती, "आत्या, शेठला कुणीतरी नेलं. ये."

शेठ म्हणजे तिचा कुत्रा. रुंद, तपकिरी, म्हातारा. दुकानाच्या गल्ल्यावर बसल्यासारखा पाय पसरून बसायचा, म्हणून शेठ.

"कशाला हात लावलास?"

"कशालाच नाही. कुलूप उघडलं, हाक मारली. एरवी त्याची शेपूट तारांवर आपटते, तो आवाज येतो. आज आला नाही."

"पिंजरा असाच बंद होता?"

"क्रेट," भाची म्हणाली. "पिंजरा नको म्हणूस गं. पिल्लू असल्यापासूनची सवय आहे त्याला. 'जागेवर' म्हटलं की आपला आपण आत जातो. ती त्याची खोली आहे."

"बरं बाई, क्रेट."

गुडघ्यांची कुरकुर ऐकत आत्या खाली बसली. क्रेटच्या दाराला दोन कड्या होत्या, एक वर, एक खाली. दोन्ही पक्क्या लागलेल्या.

"सकाळी दोन्ही लावल्या होत्यास?"

"वरची फक्त. खालची गंजलीये, जोर लावावा लागतो. शेठ कशाला पळतोय? मी ती कधीच लावत नाही."

आत पांघरूण नीट घडी करून ठेवलं होतं. पाण्याचं भांडं काठोकाठ भरलेलं. बाजूच्या खुंटीवर शेठचा पट्टा लटकत होता, त्याच्यावर भाचीचा फोन नंबर.

"हा पट्टा घरात काढून ठेवतेस?"

"छे. तो चोवीस तास गळ्यात असतो. नंबर सापडू नये म्हणून काढला त्याने."

"त्याने म्हणजे?"

भाचीने वर पाहिलं. "नवऱ्याने. अजून कुणी? वेगळं होताना त्याला घर नको होतं, फ्रिज नको होता. शेठ हवा होता. आणि त्याच्याकडे किल्ली आहे."

"आणखी कुणाकडे?"

"कुणाकडेच नाही. एक खालच्या काकूंना दिली होती, प्लंबर येणार होता तेव्हा. पण काकू गेल्या वर्षी गेल्या. ती किल्ली कुठे पडली असेल कोण जाणे. काका आधीच खचलेले, त्यांना काय विचारणार?" तिने फोन हातात घेतला. "मी पोलिसांत त्याचं नाव देते."

"देशील. आधी मला त्याच्याशी बोलू दे. तू मधे बोलायचं नाहीस."

नवऱ्याने पहिल्याच घंटीला फोन उचलला. आत्याने स्पीकर लावला.

"शेठ तुझ्याकडे आहे का?"

"माझ्याकडे? का, काय झालं?"

"घरात नाहीये."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "आत्या, त्याच्या हृदयाच्या गोळ्या आहेत का बघा. नेल्यात की तिथेच आहेत?"

गोळ्यांचं पाकीट फ्रिजवर होतं, जागच्या जागी.

"मी नेला असता तर गोळ्या आधी घेतल्या असत्या," नवरा म्हणाला. "तिला सांगा, मी निघतोय, शोधायला येतो. आणि हेही सांगा, की दिवसभर कोंडून ठेवलं की एक दिवस हे होणारच होतं."

भाची उठून बेसिनपाशी गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

"मी लोकांच्या रक्तावर दिवसभर नजर ठेवते," ती पाठमोरीच म्हणाली. "मशीन जरा वाजलं की धावते. आणि हा इथे एकटा. तुला काय वाटतं, मला कळत नाही? पण पगाराशिवाय त्याच्या गोळ्या कुठून येणार होत्या? डॉक्टर म्हणाले, हृदय मोठं झालंय. मी म्हटलं, ते आम्हाला आधीपासून ठाऊक आहे."

ती हसायला गेली आणि तिला ते जमलं नाही.

आत्या क्रेटशेजारच्या भिंतीकडे बघत होती. भिंत पांढरी होती, पण जमिनीजवळ एक रुंद मळकट पट्टा होता. त्याच्या वर, बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल एवढ्या उंचीवर, तेलकट गोल डाग.

"तू इथे बसतेस?"

"घरी आल्यावर मी सोफ्यावर पडते, ती पडतेच. का?"

"सहज. तो भुंकायचा का गं, तू नसताना?"

"मी एकटी झाले तेव्हा फार भुंकायचा. खालचे जेलरकाका जिन्यात अडवून बोलायचे. मग थांबला आपोआप. क्रेटची सवय मुरली पुरती."

"कधी थांबला?"

भाचीने आठवून पाहिलं. "काकू गेल्या, त्याच सुमारास."

आत्या लिफ्टने खाली गेली. रखवालदार खुर्चीत बसून मोजे शिवत होता.

"आज कुत्र्याला कुणी खाली आणलं?"

"नाही, ताई. शेठ उतरला असता तर मला भेटल्याशिवाय गेला असता का? माझी बिस्किटं खाऊन जातो तो."

"बाहेरचं कुणी आलं होतं?"

"कुणी नाही. सामानही गेलं नाही. जेलरकाका तेवढे हातगाडी घेऊन मागच्या बागेत गेले, पण ते रोजचंच. खताचं पोतं होतं. मी हात लावायला गेलो तर नको म्हणाले. म्हणाले, मी हळू नेतो."

"हळू?"

"खताला कसलं हळू, मीही तेच म्हटलं. पण म्हातारा माणूस, कुठे वाद घाला."

जेलरकाकांनी दार अर्धंच उघडलं. तुरुंगातली सगळी नोकरी कुलपांमागे काढलेला, उंच, ताठ माणूस. पांढरे केस तेल लावून चापून बसवलेले. पँटच्या गुडघ्यांवर ओली माती.

"वरचा कुत्रा नाहीसा झालाय, काका."

"ऐकलं."

"कुणाकडून?"

"तिचा आवाज आला. हाका मारत होती."

"तुम्हाला त्याचा त्रास व्हायचा ना?"

"व्हायचा. मी बोललो होतो तिला. पुढे तो गप्प झाला."

"का झाला असेल?"

"शहाणा झाला असेल."

"बागेत होतात आज?"

"रोप लावलं एक."

"कसलं?"

"बघू कसलं येतंय," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं.

आत्या तिथेच उभी राहिली. आतून वरची कडी सरकली. मग खालची. मग लागली की नाही ते बघायला दार दोनदा ओढलं गेलं.

ती वर गेली आणि भाचीच्या हातातला फोन हलकेच काढून घेतला.

"चल. खाली जायचंय. आणि पोरी, शेठ परत येणार नाहीये. हे मी तुला इथेच सांगते, लोकांसमोर नको."

भाचीने आत्याचा दंड धरला, आणि खालच्या दारापर्यंत सोडला नाही.

काकांनी दोघींना पाहिलं आणि या वेळी दार पूर्ण उघडलं. स्वयंपाकघरात तीन खुर्च्या होत्या. एकीवर कुणी बसत नसावं, असं वाटत होतं. आत्या मुद्दाम उभी राहिली.

"मी बोलते. चुकलं तर थांबवा," ती म्हणाली. "चोर कुत्रा नेतो तेव्हा क्रेट उघडा टाकून पळतो. इथे दोन्ही कड्या लागल्या होत्या. ही खालची कडी कधीच लावत नाही. म्हणजे ती अशा माणसाने लावली ज्याच्या हाताला एकाच कडीवर थांबता येत नाही. आत्ता तुमचं दार लागताना मी ऐकलं, काका."

काकांनी आपल्या हातांकडे पाहिलं.

"दुसरं, भिंत. तिथे कुणीतरी रोज बसत होतं, महिनोन्‌महिने, डोकं टेकून. हिच्या घरात डोक्याला तेल लावणारं कुणी नाही. नवरा तर वर्षभर फिरकलेला नाही. पण काकूंकडे एक किल्ली होती. काकू गेल्या आणि भुंकणं थांबलं. शेठ शहाणा झाला नव्हता. त्याला सोबत मिळाली होती."

"आत्या, पण मग…" भाची म्हणाली.

"थांब, बाळा. गोळ्या घरातच राहिल्या. त्याच्यावर जीव असलेला माणूस त्या मागे ठेवतो कधी? त्यांची गरज संपली तेव्हा. आणि पट्टा. जिवंत कुत्र्याला बाहेर नेताना पट्टा घालतात. पळून जायची भीती उरली नाही, की मगच काढतात." आत्याने चष्मा काढला. "खताचं पोतं कुणी हळू नेत नाही. बागेतल्या त्या रोपाखाली शेठ आहे."

काकांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"तुझी काकू गेली त्यानंतर," ते म्हणाले, "घरात बसवेना. वर हा रडायचा. तसं रडणं मी नोकरीत फार ऐकलंय, पहिल्या आठवड्यात सगळे तसेच रडतात. किल्ली ड्रॉवरमध्ये होती. म्हटलं, एकदा जाऊन सोडू याला. दार उघडलं तर पठ्ठ्या बाहेरच येईना. आतूनच बघत बसला, मी काय करतोय ते. मग मीच खाली बसलो."

"मला सांगायचं होतंत," भाची म्हणाली.

"तू किल्ली परत मागितली असतीस."

"मागितली असती," ती म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "पण मग आज लपवलंत का? मी नवऱ्यावर आळ घेतला. पोलिसांत जाणार होते मी. जन्मभर दर वळणावर शोधलं असतं मी शेठला."

"ते माझ्या डोक्यात आलं नाही. चूक झाली." काका खुर्चीत खचले. "काकू गेली त्या दिवशी मी भाजी आणायला गेलो होतो. परत येऊन हाक मारली, तर ही त्या खुर्चीत बसलेली. चहा निवलेला. मी बोलतच होतो तिच्याशी, भाजीच्या दराविषयी, मटाराविषयी. किती वेळ बोलत होतो, ठाऊक नाही. आज मला एवढंच दिसत होतं, की तू संध्याकाळी दार उघडशील आणि हाक मारशील. वाटलं, चोरी झाली म्हणून चिडशील. चिडलेलं परवडलं."

"पट्टा का काढलात?"

"माणूस सुटतो तेव्हा त्याच्या अंगावर तुरुंगाचं काही ठेवत नाहीत. तुझा होता म्हणून तिथे ठेवला."

भाचीने दोन्ही हात टेबलावर ठेवले. मशीनची नळी तपासताना ठेवायची तसे, न हलवता.

"गेला तेव्हा तो आत होता का? कोंडलेला?"

हाच एक प्रश्न ती वरून निघाल्यापासून टाळत होती, हे आत्याला आत्ता कळलं.

"नाही," काका म्हणाले. "दुपारी माझ्या पायावर डोकं ठेवून झोपला होता. मधेच उठला, धापा टाकत, आणि आपला आपण आत गेला. मी म्हटलं, अरे, अजून वेळ आहे. त्याने पांघरुणाभोवती गिरकी घेतली, बसला. दार सताड उघडं होतं. माझा हात आत होता. कड्या मी नंतर लावल्या. रोज तुला कळू नये म्हणून वरचीच लावायचो, आज हात थांबला नाही."

भाची रडली. आवाज न करता, बराच वेळ. आत्याने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि काढला नाही. जिन्यातून नवऱ्याचा आवाज आला, तो वरच्या मजल्यावर दार वाजवत होता. आत्या त्याला आणायला निघाली.

दारात तिला मागून भाचीचा प्रश्न ऐकू आला.

"तो दिवसभर काय करायचा, काका? मला त्याची दुपार माहीतच नाही."

"दुपार?" काका म्हणाले. "ऊन यायचं ना तुझ्या खिडकीतून, त्यात पडायचा. ऊन सरकलं की तोही सरकायचा, कंटाळत, एकेक पाय ओढत. घोरायचा फार. स्वतःच्या घोरण्याने दचकून उठायचा आणि माझ्याकडे बघायचा, जसा काही मीच घोरलो."

"मग?"

"मग मी म्हणायचो, झोप बाबा, मीच होतो."

भाचीने खुर्ची जरा पुढे ओढली. "अजून सांगा," ती म्हणाली.