झोपेतला नाताळ

शांतवनला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो आमच्या कन्हेरीच्या शेतातल्या विजेच्या खांबावर चढलेला होता. दोन दिवस लाइट नव्हती, उसाचं पाणी रखडलं होतं. मी खालूनच विचारलं, "लाइट कधी येणार?"

"मी खाली उतरलो की."

"मग उतरा की लवकर."

"तुम्ही अशा बघत राहिलात तर... हात चालत नाहीत."

मी मान खाली घातली. तिथून गेले मात्र नाही.

त्यानंतर कसलाही बिघाड नसताना इंदापूरचा हा वायरमन आमच्याकडं चक्कर मारू लागला. पाण्याचा तांब्या घेताना त्याची बोटं माझ्या बोटांवर जरा जास्तच वेळ रेंगाळू लागली. तो ख्रिस्ती, आईबाप लहानपणीच गेलेले. घरात बरंच बोलणं झालं, चुलते रुसले. शेवटी माझे वडील, आबा, म्हणाले, पोरगं कष्टाचं हाय, आणि २०२० च्या जानेवारीत आमचं लग्न झालं. इंदापूरच्या त्याच्या दोन खोल्यांत मी नांदायला आले.

मार्चमध्ये कोरोनानं सगळं बंद झालं. तो रोज ड्युटीवर जायचा, आल्यावर दारातच हातपाय धुवायचा. जेवताना मात्र नाताळाच्या गोष्टी सांगायचा. आदल्या संध्याकाळी चर्चची मंडळी घरोघर गाणी म्हणत फिरतात, ढोलकी त्याच्याकडं असते, दर घरी करंजी मिळते. यंदा तू माझ्या शेजारी चालायचं, असं त्यानं इतक्यांदा सांगितलं की मी दिवाळीतच एक मोरपंखी साडी घेऊन ठेवली.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याला ताप आला. चौथ्या दिवशी दम लागायला लागला. बारामतीच्या दवाखान्यात त्याला ऑक्सिजनवर ठेवलं. माझी तपासणी नीट निघाली, पण आत कोणालाच सोडत नव्हते. मी कन्हेरीला माहेरी राहून रोज दवाखान्याच्या फाटकाबाहेर बसायचे.

तिथंच छबूबाई भेटल्या. भिगवणकडच्या, साठीतल्या. त्यांचे मालक हिंदुराव शांतवनच्या शेजारच्या खाटेवर होते. छबूबाईंकडं बटणांचा साधा फोन. म्हणून शांतवन व्हिडिओ लावायचा, फोन हिंदुरावांकडं वळवायचा, आणि इकडं मी माझा फोन छबूबाईंपुढं धरायचे. दोघं नवराबायको एकमेकांकडं नुसते बघत बसायचे. मग छबूबाई विचारायच्या, जेवलासा का?

वीस तारखेला शांतवनला बरं वाटू लागलं म्हणून दुसऱ्या खोलीत हलवलं. बावीसला सकाळी हिंदुराव गेले.

मी रडायला लागले, तर छबूबाईंनीच माझा हात धरला. "तुझा बरा हुतोय न्हवं? मग तू रडू नगं," त्या म्हणाल्या. "त्याला घरी ने."

शांतवनला मी हे सांगितलं नाही. चोवीस तारखेला दुपारी त्याला सोडलं. आबांनी गाडी करून दिली. इंदापूरला पोचेपर्यंत तो खिडकीला डोकं टेकून होता. किती वाळला होता... दोन पायऱ्या चढला आणि तिसरीवर थांबला. डॉक्टरांनी फार बोलू नका म्हणून बजावलं होतं. पेज प्यायला आणि झोपला.

यंदा गाणी म्हणत कोणी निघालंच नाही. सकाळी उठून मी एकटीनंच चार करंज्या तळल्या. साडी पेटीतून काढली, परत ठेवली. शांतवन झोपलेलाच होता. चर्चमध्ये मोजक्या लोकांत प्रार्थना झाली असेल. माझ्या पहिल्या नाताळात मी खाटेजवळ बसून त्याची छाती वरखाली होताना बघत होते. गोळीपुरतं उठवलं, तेवढाच जागा झाला.

दिवस कलता कलता त्यानं डोळे उघडले.

"नाताळ... झाला?"

"होत आलाय."

तो कसनुसा हसला. मग म्हणाला, "हिंदुराव सुटले का? मला त्यांना... फोन करायचाय."

दोन दिवस मी एक खोटं तयार करून ठेवलं होतं. त्याच्याकडं बघताना ते तोंडातून निघेना.

"गेले ते," मी म्हटलं. "मंगळवारी."

तो छताकडं बघत राहिला. डोळ्यांतून पाणी ओघळून कानात गेलं, तरी पुसलं नाही. दम वाढला, तसा मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. बऱ्याच वेळानं त्यानं छबूबाईंना फोन लावायला सांगितलं. "मावशी..." एवढंच त्याच्यानं म्हणवलं. पलीकडून त्या विचारत राहिल्या, जेवलास का बाबा, नीट जेवत जा.

फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "तू घेतलेली ती साडी... नेस."

"आता? कुणाला दाखवायला?"

"मी आहे की."

मी आतल्या खोलीत जाऊन नेसून आले. कोऱ्या कापडाच्या निऱ्या फुगत होत्या. शांतवन भिंतीला धरून उठला, चार पावलं चालला आणि माझ्यासमोर जमिनीवर बसला. एकेक निरी खाली ओढून सरळ करू लागला. मध्ये दोनदा श्वासासाठी थांबला.

"खरं सांगू?" मी म्हटलं. "सकाळी मला तुमचा राग आला होता. सगळा सण झोपून घालवला म्हणून. मग छबूबाई आठवल्या... आणि माझीच मला लाज वाटली."

निरी त्याच्या बोटांत तशीच होती. त्यानं वर पाहिलं नाही.

"रागव की," तो म्हणाला. "रोज रागव... मी ऐकायला आहे."

मी त्याच्यासमोर मटकन खाली बसले, आणि त्यानं लावलेल्या सगळ्या निऱ्या विस्कटल्या.