सरदाराच्या दाती तृण

अटकेच्या उताराने सिंधू ओलांडून पश्चिमेस गेले, की डोंगरांच्या दाटीत संगदऱ्याचा किल्ला लागतो. पहाट तिथे सरळ उगवत नसे. आधी दूरची बर्फाची शिखरे लाल होत, मग खिंडीचे ओठ उजळत, आणि किल्ल्याच्या वाट्याला ऊन येईपर्यंत नगारखान्यातला माणूस सकाळचा चौघडा वाजवून दमून बसलेला असे. बुरुजावरचे भगवे निशाण दवाने भिजून काठीला चिकटलेले होते. त्याखाली पाठीशी लोड घेऊन, शाल कानांवर ओढून, मराठी फौजेचे वकील नारो आपाजी खाली पागेकडे पाहत होते. पागेत खानाची माणसे जवाची पोती उतरवीत होती. पंतांना ती पोती बघवेनात.

नारोपंतांचे वय पन्नाशी उलटलेले, फारसी भाषा उत्तम, गुडघे निकामी, आणि समोर येईल त्या माणसाला मनातल्या मनात हातात घेऊन त्याचे वजन करण्याची जुनी खोड. या खोडीपायीच ते इथवर येऊन पडले होते. पुण्यात मसलत ठरली ती अशी, की दिल्लीचे रक्षण दिल्लीत होत नाही, लाहोरात होते. लाहोरचे अटकेवर होते. आणि अटकेचे रक्षण व्हायचे, तर नदीपलीकडे आपल्या मर्जीतला एखादा खान गादीवर बसवावा लागतो. हिशेब कानाला इतका गोड होता, की त्याची शेवटची ओळ कुठे, हे कोणी विचारले नाही. पंतांनी तेवढे म्हटले, की या हिशेबाने जेजुरीच्या बंदोबस्तासाठी थेट तुर्कांच्या रूमशामपर्यंत ठाणी बसवावी लागतील. सदर पोट धरून हसली, आणि ज्यांना विनोद इतका सुचतो त्यांनीच मोहिमेबरोबर जावे, असा हुकूम झाला.

मर्जीतला खान सापडायला वेळ लागला नाही. झरीफ खान हा गादीवरून हाकललेल्या घराण्यातला धाकटा. गोड बोलण्यात अटकेपासून काबूलपर्यंत त्याला जोड नव्हती. फौजेचे सरदार जानराव भापकर यांनी त्याला गादीवर बसवले, त्याच्या डोक्याला पगडी बांधली, आणि ती पगडी डोक्यावर राहावी म्हणून स्वतः वर्षभर त्या थंड दगडांत अडकून पडले. माणसे तापाने गेली, घोडी कडाक्याने गेली. उरलेले मावळातल्या भाताच्या गोष्टी करीत आणि मेंढीच्या चरबीत शिजलेले अन्न गिळीत.

अशात गेल्या महिन्यात ती गोष्ट घडली. खिंडीच्या तोंडाशी तिथल्या टोळीचा म्होरक्या मलिक गुलदाद याची गढी होती. तिन्हीसांजेला त्या गढीच्या गच्चीवरून एकाएकी बंदुकांचा भडिमार सुरू झाला. जानराव बुरुजावर धावले. हे काय, असे त्यांनी झरीफ खानास विचारले. खानाने क्षणभर खिंडीकडे पाहिले आणि शांतपणे सांगितले, की काबूलच्या शाहाची माणसे मलिकाकडे जमली आहेत, हे बंडाचे आवाज आहेत. मराठी तोफा चालल्या. गच्ची कोसळली.

सकाळी ढिगाऱ्यात सापडला तो ढोल, हलव्याची भांडी, आणि मलिकाचा धाकटा भाऊ. त्या संध्याकाळी त्याला बऱ्याच वर्षांनी मुलगा झाला होता. मुलगा झाला की आकाशाकडे बंदुका उडवायच्या, ही त्या मुलखाची रीत. मराठ्यांना ती ठाऊक नव्हती. आपल्याकडे साखर वाटतात. झरीफ खानाला मात्र ती आईच्या दुधाबरोबर ठाऊक होती. मलिकाच्या घराण्याशी त्याचे जुने येणेजाणे तुटून वैर झाले होते, हेही मराठ्यांना त्यानंतरच कळले.

आता काबूलकडून शाहाची मोठी फौज उतरत होती, आणि लाहोरहून जानरावांना परत फिरण्याचा हुकूम आला होता. परतीची वाट एकच, मलिकाच्या खिंडीतून. झरीफ खानाने छातीवर हात ठेवून सांगितले होते, की मलिकाशी आपले बोलणे झाले आहे, जुम्याच्या दिवशी बिनघोर निघावे.

पंतांना खुपत होते ते हेच. आधार चालला म्हटल्यावर माणूस रडतो, पाय धरतो, निदान आजारी तरी पडतो. हा गृहस्थ घोड्यांना जव पाठवीत होता.

ऊन गढीवर पोचायच्या आत पंत घोडी सांभाळणारा एक मोतद्दार घेऊन खिंडीकडे निघाले. मलिकाच्या दारापाशी घोड्यावरून उतरले, पागोटे काढून गळ्याभोवती घातले, आणि ओढ्याकाठचे गवत उपटून दातांत धरले. शत्रूच्या दारी गवत तोंडात धरून गेलेला माणूस म्हणजे त्या घराची गाय. त्याचे म्हणणे ऐकावेच लागते, ही रीत त्यांनी तिथल्या म्हाताऱ्यांकडून ऐकली होती. तृण दाती धरणे आपल्याकडेही होते, पण ते हरलेल्याने.

मलिक गुलदाद दाढी पांढरी झालेला, हाडापेराने रुंद माणूस. त्याने पंतांना आत घेतले, गालिच्यावर बसवले, पुढे बदाम ठेवले. शिजलेले तुम्ही खाणार नाही, बदामाला तरी तुमचा देव रागावत नसेल, असे तो न हसता म्हणाला. पंतांनी एक बदाम घेतला आणि आपले मागणे सांगितले, की झाले त्याची क्षमा आणि खिंडीतून वाट.

मलिक म्हणाला, "तू जीभ आहेस. तोफ जिभेने डागली नव्हती. ज्याच्या हुकमाने डागली, तो येऊ दे, असाच, गवत धरून."

"आणि खानाशी झालेलं तुमचं बोलणं?"

"बोलणं कसलं? त्याचा निरोप आलाय. जुम्याला हे लोक निघतील. घोडी आपण वाटून घेऊ, डोकी तो शाहाला नजर करील." मलिकाने दाढीवरून हात फिरवला. "माझा भाऊ जन्मला तेव्हा ह्याच गच्चीवर बंदुका उडाल्या, तेव्हा झरीफ इथं हलवा खायला होता. त्याला आवाज ओळखू आला नसेल?"

हे मला का सांगता, असे पंतांनी विचारले. छताखाली बसलेल्याला अंधारात ठेवायची आमची चाल नाही, एवढेच उत्तर मिळाले. छत, खरे म्हणजे, अर्धेच उरले होते.

जानराव भापकरांनी सगळे ऐकून घेतले आणि प्रथम तलवार मागितली. खानाचे शिर उतरवून मगच पुढचे बोलणे, असा त्यांचा बेत. पंत थकलेल्या आवाजात म्हणाले, "उतरवा. मग गादी रिकामी होईल, तिच्यावर दुसरा आपला माणूस शोधा, आणि बसा अजून एक हिवाळा."

सरदारांनी तलवार खाली ठेवली.

"पंत, भापकरांच्या सात पिढ्यांत कुणी दाती तृण धरलं नाही. लढून मरू."

"मराल. बरोबरची पोरंही मरतील, ती काही भापकर नाहीत. आणि सात पिढ्यांत कुणी बाळंतघरावर तोफ डागली होती का, तेही सांगा."

इतके तोंडावर बोललेला माणूस जानरावांच्या छावणीत आजवर धड राहिला नव्हता. पंतांनी मान थोडी पुढे करून ठेवली. पण सरदार उठून दाराशी गेले. बाहेर एक शिलेदार घोड्याच्या खुरातला खडा काढीत बसला होता. त्याच्याकडे ते पाहत राहिले.

"गवत ओलं असावं की सुकं?" त्यांनी विचारले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साऱ्या फौजेदेखत जानराव भापकर पायी खिंडीकडे चालत गेले. हत्यार नाही, डोकीला पागोटे नाही, दातांत गवताची काडी. कोणी हसले नाही. जुने शिलेदार माना खाली घालून उभे राहिले, आणि ज्या माणसाने तोफांच्या माऱ्यात कधी पाऊल मागे घेतले नव्हते, त्याचे पाऊल त्या सपाट वाटेवर दोनदा अडखळलेले पंतांनी पाहिले.

मलिकाने त्यांना दारातच थांबवले. क्षमा आपली नव्हे, भावजयीची, असे म्हणून तो बाजूला झाला. आतल्या पडद्यामागून तान्ह्या मुलाची कुरकुर ऐकू येत होती. मग बाईचा आवाज आला. बरोबर आलेल्या पंतांनी तो मराठीत आणला.

"तोंडातलं काढ आणि नाव सांग. हा मोठा होऊन विचारील, बाप कुणी मारला. मला नाव माहीत असायला हवं."

"जानराव भापकर," सरदार म्हणाले. मग कोणी विचारले नसता पुढे म्हणाले, "आवाज मला ओळखू आला नाही. दुसऱ्याला विचारून डागली."

पडद्यामागे मुलाला थोपटल्याचा आवाज होत राहिला.

"जा," बाई शेवटी म्हणाली. "तुझी माणसं घेऊन जा. पण या वाटेनं तू पुन्हा येणार नाहीस, हे तुझ्या देवाला सांग."

जानरावांनी कमरेच्या बटव्यातला खंडोबाचा भंडारा काढून कपाळी लावला आणि शपथ घेतली.

त्याच दुपारी, जुम्याची वाट न पाहता, फौज निघाली. पुढे अभयाची खूण म्हणून काठीला पगडीचे कापड बांधलेला मलिकाचा म्हातारा चुलता चालत होता. दोन्ही कड्यांवर पठाण बंदुका आडव्या धरून बसले होते आणि एकही नळी खाली वळली नाही. किल्ल्याच्या बुरुजावरून झरीफ खान ते पाहत होता. पुढे शाह आला, त्याने नजराण्याची डोकी मागितली, आणि खानापाशी देण्याजोगे एकच डोके उरले होते.

लाहोरास पोचल्यावर सदर भरली. संगदरा सोडावा लागला हे लाजिरवाणे होते. तो पुन्हा घ्यावा, अशी मसलत ठरायला अर्धा प्रहरही लागला नाही. मोहिमेचा विडा तबकात घालून, वाट माहितीची म्हणून, तो प्रथम जानरावांपुढे आणला. त्यांनी हात मागे घेतला. कारण विचारले, तेव्हा एका बाईला शब्द दिला आहे, असे ते म्हणाले. सदरेत खसखस पिकली. सरदारी गेली, पागा जप्त झाली. एकट्या घोड्यावर ते दक्षिणेस निघाले, तेव्हा नारोपंत त्यांना वेशीपर्यंत पोचवायला गेले. घरी भात झाला असेल, एवढेच जानराव म्हणाले.

पंत परतले तो विडा दुसऱ्या एका तरुण सरदाराने उचलला होता, आणि त्याच्या शेजारी गादीचा नवा हक्कदार, झरीफ खानाचा चुलतभाऊ, गुडघे मुडपून खजूर खात बसला होता. माणूस फार अदबीचा दिसला. त्याने उठून पंतांना कुर्निसात केला, प्रकृती विचारली, आणि या खेपेस बरोबर तोफा किती येणार, तेवढे हळूच विचारून घेतले.